टॉमस गारवेचा बाप

१४ जानेवारी २०००, शुक्रवार

सकाळी चर्चमध्ये मिस्सा, तिथून कब्रस्तान. शारजाची वाळू आठवडाभरात कबरीवर बोटभर चढते. ओल्या फडक्याने यांचं नाव पुसलं. जोसेफ टॉमस गारवे. पाणी घालायला झाड नाही, तरी बाटलीतलं उरलेलं पाणी तिथेच ओतते. सवय.

घरी आले तर फ्रीजवर कागद. अनिलने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काढून आणलाय. सगळ्यात वर चौकोनात मायकल, त्याखाली टॉमस, त्याखाली जोसेफ, मग अनिल, तळाला नेहा. नेहा सोडली तर बायका कुठेच नाहीत. सगळे आपोआप जन्मलेले.

सूनबाई शर्मिला म्हणाली, "आई, फॅमिली ट्री. आयर्लंडपर्यंत जाणार आपण."

मी म्हटलं, "मला दही काढायचंय. सरक."

टॉमसचं नाव या घरात, तेही फ्रीजवर. हे असते तर तिथल्या तिथे फाडलं असतं. तीन वर्षं झाली यांना जाऊन, म्हणून हिंमत.

१९ जानेवारी

चीड जात नाही. एकदा लिहून टाकते.

टॉमस म्हणजे माझा सासरा. मी त्याला पाहिलेलं नाही. आयरिश गोरा, पलटणीतून सुटला आणि भुसावळला इंजिनांच्या शेडमध्ये फिटर झाला. मिशनच्या दवाखान्यातल्या आयाबाईशी लग्न केलं, त्या माझ्या सासूबाई. सत्तेचाळीस साली "आईला बघून येतो" म्हणून बोटीने गेला तो गेलाच. हे तेव्हा चौदा वर्षांचे. पत्र नाही, पैसा नाही, मेल्याची खबर नाही. जाताना घरातलं एकुलतं एक लोकरी ब्लँकेट घेऊन गेला. सासूबाई मरेपर्यंत दर थंडीत एकच वाक्य म्हणायच्या, "गेला तर गेला, मेल्याने ब्लँकेट पण नेलं."

यांनी लग्नाच्या आठवड्यात मला सांगितलं होतं, "त्या माणसाबद्दल मला विचारायचं नाही." मी कधी विचारलं नाही. खोर फक्कानच्या बंदरावर क्रेनखाली एवढी वर्षं काढली, कोणी गोरा इंजिनिअर गार्वी म्हणाला की हे त्याला दुरुस्त करायचे, "गारवे. फ्रॉम भुसावळ."

आता पोरगा म्हणतो, आपण गार्वी.

३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना अनिलने सगळं उलगडून सांगितलं. आजोबा आयर्लंडमध्ये जन्मल्याचा दाखला मिळाला तर नातवाला तिथला पासपोर्ट मिळतो. आजोबा म्हणजे टॉमस. जन्मसाल रेल्वेच्या कागदावर आहे, जिल्हा मेयो, गाव माहीत नाही. यांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर बापाचं पूर्ण नाव आहे, टॉमस मायकल गार्वी. म्हणजे मायकल हा टॉमसचा बाप. नाव, बापाचं नाव, आडनाव. तेवढ्यावर तिकडच्या जन्मनोंदणीत शोधायला अर्ज केलाय.

मी म्हटलं, "इथे काय कमी आहे?"

"आई, इथे आपण काय आहोत? व्हिसा आहे तोवर आहोत. कंपनी म्हणाली खलास, की महिन्यात बॅगा. नेहाला कॉलेजला कुठे घालू?"

बरोबरच बोलत होता, त्याचाच राग आला.

"आणि मी?"

"तू आमच्याबरोबर."

"आणि हे?"

माझा व्हिसा अनिलच्या नावावर. तो गेला की मलाही जावं लागणार. कबरीला व्हिसा लागत नाही, ती इथेच राहणार. शर्मिलाने मला आणखी एक पोळी वाढली. नको असताना.

२६ फेब्रुवारी

आयर्लंडचं उत्तर आलं. पातळ पाकीट, एकच कागद. मायकलचा मुलगा टॉमस गार्वी, त्या सुमाराला, मेयो जिल्ह्यात सापडत नाही. आडनाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलं गेलं असेल तर कळवा.

मी भाजी फोडणीला टाकली. मोहरी छान तडतडली.

२१ मार्च

अनिल रोज रात्री इंटरनेट लावतो. फोन अडकतो, शर्मिला चिडते. फ्रीजवर आता दुसरा कागद. गार्वी, गार्वे, गर्व्ही, गार्विन, ओ'गार्वी, मॅकगार्वी. लिहिणारा कारकून ऐकेल तसं लिहायचा म्हणे. एकेका नावाने नवा अर्ज, प्रत्येकाला फी. शर्मिला दिरहम म्हणते आणि लगेच मोठ्याने रुपये करते, म्हणजे मला धसका बसावा.

शेजारची हमीदा आली होती. दापोलीकडची, नवऱ्याचं रोला बाजारात कापडाचं दुकान. तिने फ्रीज वाचला.

"अगो रत्ना, हे सासऱ्याचं नाव का औषधांची यादी?"

मी यांचं जुनं लेबर कार्ड काढून दाखवलं. अरबीत व्ही नाही, म्हणून तिथे गारफी केलंय. बारा वर्षं सरकारदरबारी गारफी होते.

"मग हेही लिही वर. गारफी."

"मी कशाला लिहू? मी हुडकत नाहीये."

हमीदा म्हणाली, "पळून गेलेल्या माणसाला हुडकायचं तर त्याला दोन देण्यासाठी. हे लोक त्याच्याकडून घ्यायला निघालेत."

आज पहिल्यांदा मनापासून हसले.

५ एप्रिल

अमेरिकेतल्या कोणा गार्विनने अनिलला लिहिलं, वेलकम कझिन. अनिल आठवडाभर हवेत. नेहाला म्हणाला, वी हॅव फॅमिली इन बॉस्टन. नेहा म्हणाली, "बाबा, ही जस्ट वॉन्ट्स समवन टु टॉक टु."

खरं निघालं. त्याचे गार्विन निराळेच, वेगळ्या जिल्ह्यातले. पण पत्रं लिहायची थांबत नाहीत. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे.

पोरीची जीभ माझ्यावर गेलीय.

९ मे, मंगळवार

माझा व्हिसा दर वर्षी नवा करावा लागतो. अनिल टायपिंग सेंटरला घेऊन गेला. मला आत बसवून गाडीला जागा शोधायला गेला.

माझ्यापुढे एक इंग्रज मास्तर. टाय, मान लाल झालेली. टायपिस्ट केरळचा, दर वर्षीचा ओळखीचा. अरबी अर्जावर बापाचं नाव लागतं. त्याने पासपोर्ट बघितला, स्टीफन जेम्स अमुक. बापाच्या जागी जेम्स टाइप केलं.

मास्तर म्हणाला, नो, नो. जेम्स इज नोबडी. आईला आवडायचं म्हणून ठेवलं. माझ्या वडिलांचं नाव रोनाल्ड.

टायपिस्टने कागद ओढून काढला, नवा घातला, आणि मान वळवून मला म्हणाला, "आंटी, ये लोग का बीच वाला नाम ऐसेच होता है। बाप-बीप कुछ नहीं।"

मी हसले आणि मग आमच्या घरातली नावं मनात एकेक म्हणून पाहिली.

अनिल जोसेफ. जोसेफ टॉमस. टॉमस मायकल. आपल्या माळेत तो मणी इतका नीट बसला की कोणी उलटून बघितलाच नाही. अनिल ऑफिसात रोज गोऱ्यांबरोबर जेवतो. पण जेवताना कोण कोणाच्या बापाचं नाव विचारतो? आणि आमच्या डोक्यात मधलं नाव म्हणजे बाप. माझ्या नावात तर नवरा.

आपणच प्रत्येक अर्जात ठासून लिहिलं, बाप मायकल. ते लोक बिचारे मायकलचा टॉमस हुडकत बसलेत. आडनाव सरळ गार्वीच असेल. बाप कोणीतरी भलताच.

अनिल घामाघूम होऊन आला. "झालं का, आई?"

"झालं," मी म्हटलं.

१२ मे, शुक्रवार

यांना सांगितलं. अनिल गाडी लावत होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हटलं, एक गोष्ट मला कळलीय, पोराला नाही. सांगू का?

कबर काय बोलणार. पण जिवंत असते तरी उठून चहा टाकला असता आणि विषय संपवला असता. म्हणजे नकोच म्हणाले, असं मी धरलं.

ऊन इतकं की फडकं दगडावर ठेवल्या ठेवल्या वाळलं.

७ जुलै

पुन्हा पातळ पाकीट. ओ'गार्वी नाही, मॅकगार्वी नाही.

शर्मिला भांडी आपटत होती. मग मला ऐकू जाईल इतपत म्हणाली, "काही लोकांना आनंदच झाला असेल."

मी म्हटलं, "काही लोकांना नाव घेऊन बोलायची पद्धत आहे."

"आई, तुम्हाला आम्ही इथेच सडलेलं हवंय. कबरीसाठी."

"कबर म्हणू नकोस. सासरा आहे तुझा."

"सासरे गेले, आई. माझी मुलगी आहे अजून."

खोलीत येऊन बायबल उघडलं, मराठी एका मांडीवर, इंग्रजी दुसऱ्या. चौथीनंतर शाळा सुटली, इंग्रजी मी असंच शिकले, ओळीला ओळ लावून. आज एक ओळ लागली नाही.

१६ ऑगस्ट

अनिलच्या कंपनीतून माणसं कमी करताहेत. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा पुण्याचा जोशी गेला. फर्निचर विकायच्या चिठ्ठ्या लिफ्टमध्ये लावल्यात, सोफा, टीव्ही, मुलाची सायकल. अनिल ती सायकल बघत लिफ्टमधून दोनदा खाली-वर गेला, असं नेहाने सांगितलं.

तो गॅलरीत उभा होता. पाठीमागून थेट हे. तोच डावा खांदा खाली.

म्हणाला, "आई, परत गेलो तर मी काय करू? मला तिकडे कोण ओळखतं?"

"भुसावळला आपलं घर आहे."

"भुसावळला आपली एक भिंत आहे. तीही काकांच्या नावावर."

मी म्हणजे अशी की तेव्हासुद्धा बोलले नाही. नोकरी गेली तरी कबर इथेच राहणार आणि मी तिकडे, हे मला कळत होतं. मग मी नेमकं काय राखत होते? यांचा राग, बहुतेक. दुसरं काही उरलं नव्हतं राखायला.

१८ ऑगस्ट

हमीदाला सांगितलं. वाटलं होतं माझ्या बाजूने बोलेल. तिने सुपारी कातरायची थांबवली.

"मे महिन्यापासून?"

"हो."

"आणि पोरगा रोज कागद भरतोय तुझ्यासमोर?"

"त्या माणसाने माझ्या सासूला..."

"तुझी सासू माझ्या आईसारखी होती असं समज, तरी सांगते. तो ब्लँकेट घेऊन गेला. तू अंगाखाली घेऊन बसलीयेस. पोरं दोन्हीकडे उघडीच."

मी म्हटलं, "चहा थंड होतोय तुझा."

"होऊ दे," ती म्हणाली आणि न पिता गेली.

हलकट बाई. बारा वर्षांची मैत्रीण.

२० सप्टेंबर, बुधवार

अनिलने नवा कागद आणलाय. कोणीतरी त्याला सुचवलं की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचं शपथपत्र जोडा. इंग्रजीत टाइप केलेलं, खाली सहीला माझं नाव. मी रत्नमाला जोसेफ गारवे, शपथेवर सांगते की माझे सासरे टॉमस यांच्या वडिलांचं नाव मायकल असून ते मला माझ्या पतीकडून समजलं आहे.

"हे मला यांनी कधी सांगितलं?"

"आई, फॉर्मॅलिटी आहे. सगळ्यांना माहीतच आहे की. शनिवारी वकिलाकडे जाऊ, सही करशील, दहा मिनिटांचं काम."

"बायबलवर हात ठेवावा लागतो?"

"ठेवशील बहुतेक. का?"

गप्प राहणं मला जमत होतं. पण यांच्या तोंडी खोटं घालायचं, तेही टॉमसबद्दल, ज्याच्याबद्दल यांनी उभ्या जन्मात एक शब्द काढला नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

गेलो नाही वकिलाकडे.

सकाळी अनिलने गाडीची किल्ली घेतली. मी चप्पल घातली, मग काढली. म्हटलं, "मायकल कोणी नव्हता."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. टायपिंग सेंटर, मास्तर, जेम्स, रोनाल्ड. अर्जात बापाचं नाव कोरं सोड, म्हटलं, आणि आडनाव गार्वीच ठेव.

तो आधी हसला. कपाळावर हात मारला, "बापरे, आपण किती मूर्ख. शर्मिला, ऐकलंस का?" शर्मिला किचनमधून आली. तोवर त्याचं हसू थांबलं होतं.

"टायपिंग सेंटरला आपण मे मध्ये गेलो होतो."

"हो."

"मे."

"हो, अनिल."

त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. आवाज चढवला नाही. हेही चढवायचे नाहीत. म्हणाला, "मला वाटलं होतं आपण दोघं माझ्याच बापाचं दुःख करतोय."

शर्मिला टोमणा न मारता किचनमध्ये परत गेली. पहिल्यांदाच. मला तिचं बोलणं चाललं असतं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

अनिल मला कब्रस्तानात सोडून गाडीतच बसून राहिला. दर वेळी आत येतो.

१४ ऑक्टोबर

नवा अर्ज गेला, असं नेहाकडून कळलं. बापाचं नाव कोरं. अनिल माझ्याशी बोलतो ते एवढंच: गोळ्या घेतल्या का, एसी कमी करू का. आईशी नाही, पेशंटशी बोलतात तसं.

फ्रीजवरचे दोन्ही कागद गेले. त्या जागी चार चुंबकं आहेत, काहीही न धरता.

१० नोव्हेंबर

हमीदा आली. आल्या आल्या म्हणाली, "माफी मागायला नाही आले. पापड लाटलेत, ते द्यायला आले."

मी म्हटलं, "मी सांगितलं त्याला."

"ऐकलं भिंतीतून. मग?"

"मग काही नाही. बोलत नाही."

"बोलेल. तुझा मुलगा आहे, तू धरलंस तेवढंच धरून ठेवेल." पापड बरणीत भरताना पुढे म्हणाली, "इन्शाल्ला."

टोमणा होता की आशीर्वाद, विचारलं नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार

कबरीजवळ आज बराच वेळ बसले. ऊन आता सोसवतं. यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्ही एकदा तरी त्याच्याबद्दल बोलायला हवं होतं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही तोंड बंद ठेवलंत, मी तेच तुमच्यामागे चालवलं आणि त्याला तुमचा मान म्हटलं.

मागे वाळूवर पावलं वाजली. अनिल. गाडीतून उतरून आला होता. ऐकलं असेल का, माहीत नाही. फडकं माझ्या हातातून घेतलं, नाव पुसलं, पहिल्या अक्षरापासून. परत जाताना गाडीत एसी कमी करू का म्हणून विचारलं.

१९ डिसेंबर, मंगळवार

पत्रं अनिलच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्सला येतात, त्यामुळे आधी त्याच्याच हातात पडतात. आज लवकर घरी आला. मी आणि शर्मिला वाटाणे सोलत होतो. टाय न सोडता उभाच राहिला आणि टेबलावर पाकीट ठेवलं, माझ्यासमोर, सालींच्या बाजूला.

शर्मिला म्हणाली, "उघड ना."

"आई उघडेल."

"मी कशाला?" मी म्हटलं.

"तुला सगळं आधी कळतं ना? मग आजही तुलाच आधी कळू दे."

सप्टेंबरनंतर माझ्याशी बोललेलं पहिलं सरळ वाक्य. टोमणा आहे, पुरेपूर आहे. पण सरळ आहे. मला गोळ्यांपेक्षा बरं वाटलं.

शर्मिलाचा वाटाणा हातातून सुटून टेबलाखाली गेला, कोणी उचलला नाही. नेहा दारात येऊन उभी राहिली. "आजी, जस्ट ओपन इट."

मी म्हटलं, हात धुऊन येते. आणि इथे खोलीत येऊन हे लिहिते आहे.

यात टॉमसच्या बापाचं खरं नाव असेल. एका आईचंही असेल, जिला बघायला तो गेला. तिला निदान त्याने बघितलं का? हे मी कधी मनात आणलं नव्हतं. उघडलं की हे तिघं निघायच्या तयारीला लागतील आणि मला सांगावं लागेल, मी येते की नाही. दाखला नसेल तर मी सुटले, आणि हा पुन्हा लिफ्टमधली सायकल बघत राहील. दोन्हीपैकी मी काय मागते आहे, मला आत्ता या क्षणी सांगता येत नाही. मे मध्ये येत होतं.

नळ चालू ठेवलाय, म्हणजे त्यांना वाटावं हात धुते आहे.

आधीची सगळी पाकिटं पातळ होती. हे उचलून पाहिलं मी, येण्याआधी.

हे जाड आहे.